समोरून आलेलं फूल

"पास," ताई म्हणाल्या आणि पुढचं फूल उचललं.

रॅकेट खालून वर गेली. फूल छताजवळ पोचलं, वळलं आणि बूच खाली करून हॉलच्या पलीकडच्या टोकाला पडलं. तिथं जमिनीवर दोन पट्ट्या आखलेल्या होत्या. फूल त्यांच्या बरोबर मधे पडलं होतं.

"पास."

पुढचं पहिल्या पट्टीच्या अलीकडेच पडलं. "आखूड." त्याच्या पुढचं जागी पडलं, पण जाताना डोलत गेलं. "डोलतंय. बाजूला टाक."

पलीकडे स्टुलावर त्यांची धाकटी जाऊ बसलेली होती. ताईंची हाळी येईल तशी ती फुलं उचलून वेगवेगळ्या टोपल्यांत टाकायची.

"ताई, जरा दमानं घ्या," ती म्हणाली. "सकाळपासून खांदा चोळताय. मला इथून दिसतंय."

"तुझं लक्ष फुलाकडे असू दे. खांद्याचं मी बघते."

"फुलाकडे काय बघायचं? ते तुम्ही पाठवाल तिथंच पडणार. मेलं एकदा तरी चुकून माझ्या डोक्यावर पडलं असतं, तेवढीच करमणूक झाली असती."

कारखाना फुलांचा होता, म्हणजे बॅडमिंटनच्या फुलांचा. ताई नव्या माणसाला "मी फुलांच्या कारखान्यात असते" असं सांगायच्या, तेव्हा तो हमखास गुलाबाबद्दल विचारायचा. पुढच्या खोलीत बायका पिसं निवडत बसायच्या. डाव्या पंखाची पिसं एका ढिगात, उजव्या पंखाची दुसऱ्या. पिसाला बाक असतो, आणि दोन पंखांचा बाक एकमेकांच्या उलट. एका फुलाला सोळा पिसं लागतात आणि ती सगळी एकाच बाजूच्या पंखाची लागतात. त्यात एखादं जरी दुसऱ्या बाजूचं घुसलं तरी फूल झिंगल्यासारखं जातं. सोळा पिसं बुचात रोवायची, दोऱ्यानं बांधायची, सरस लावायचा, वाळवायचं, आणि मग ते ताईंकडे यायचं. ताई ते मारून बघायच्या. पुरेसं लांब जातंय का, सरळ जातंय का, एवढंच. खेळाच्या नियमात फूल तपासायची हीच रीत सांगितलेली आहे : मैदानाच्या मागच्या रेघेवर उभं राहायचं, खालून पूर्ण ताकदीनं मारायचं आणि ते पलीकडच्या मागच्या रेघेच्या अलीकडे, ठरलेल्या टप्प्यात पडतं का ते बघायचं.

ताई पहिल्यांदा पिसं निवडायलाच लागल्या होत्या. पुढं जुना तपासनीस गावाला निघून गेला आणि थोरल्या मालकांनी एका दुपारी सगळ्या बायकांना ओळीनं रॅकेट देऊन पाहिली. कुणाचं फूल भिंतीवर गेलं, कुणाचं पायाशी पडलं. ताईंचं मधोमध पडलं. दुसरंही तिथंच पडलं. थोरले मालक म्हणाले, "हा हात इथंच राहू दे." तो दिवस आणि आजचा दिवस. घरात भांडण झालेलं असो, अंगात कणकण असो, धाकट्या बहिणीच्या जाण्याची बातमी आदल्या संध्याकाळी आलेली असो, ताईंच्या हाताचा जोर तसूभर इकडचा तिकडे झाला नाही. कारखान्यात त्यांचा उल्लेखच मुळी 'हात' असा व्हायचा. "हात आला का?" "हात आज रजेवर आहे, माल थांबेल."

ताईंच्या यजमानांचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि वर टांगलेला टीव्ही. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. मामांना एकही खेळ खेळता येत नव्हता, आणि खेळातली त्यांना माहीत नाही अशी एकही गोष्ट नव्हती. गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावायचा आणि मग विचारायचं, "सांगा बघू, ऑलिंपिकचं सोन्याचं पदक कशाचं असतं?" वस्तऱ्याखाली मान कोण हलवणार! मग मामाच सांगायचे, "चांदीचं! वर नुसता मुलामा." ऑलिंपिकमध्ये एकेकाळी कवितेला आणि चित्रालासुद्धा पदक मिळायचं. रस्सीखेचही असायची. टेनिसचा चेंडू आधी पांढरा होता, टीव्हीवर नीट दिसेना म्हणून पिवळा केला. गोल्फचा चेंडू पूर्वी गुळगुळीत असायचा, पण वापरून खरचटलेला जुना चेंडूच जास्त लांब जातोय हे लोकांच्या ध्यानात आलं, तेव्हा नव्यावरही मुद्दाम खळगे पाडायला सुरुवात झाली. दाढी होईपर्यंत माणूस चार गोष्टी शिकून उठायचा.

आणि शेवटी, टॉवेल झटकता झटकता, ठेवणीतला प्रश्न यायचा. "सगळ्यात वेगवान खेळ कुठला? बॅडमिंटन! फूल रॅकेटवरून सुटतं तेव्हा ताशी पाचशे किलोमीटरच्या पुढं मोजलंय लोकांनी. विमान झक मारतं उडायच्या आधी. आणि ते फूल त्या खेळाडूंच्या आधी कोण मारतं? आमची मंडळी!"

यात खोटं काही नव्हतं. पण गोष्ट दुकानातून बाहेर पडली की गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिला हातपाय फुटायचे. ताई म्हणे मोठमोठ्या खेळाडूंना हरवून बसल्या आहेत. ताईंनी म्हणे लग्नासाठी खेळ सोडला. मामा हे खोडून काढत नसत. नुसतं हसत.

अशात एके दिवशी खुर्चीवर बॅडमिंटन क्लबचे सेक्रेटरी येऊन बसले.

"रविवारी काही काढू नकोस," संध्याकाळी जेवताना मामा म्हणाले. "क्लबच्या फायनल आहेत. त्याच्या आधी एक प्रदर्शनी सामना ठेवलाय."

"मग जा की तुम्ही. मी कशाला?"

"कशाला म्हणजे? खेळतेयस तू! दर वर्षी जिंकते ना, ती बँकेतली कॅशियर, तिच्याशी."

ताईंचा घास हातातच राहिला. "अहो, मला खेळता येत नाही."

मामा मोठ्यानं हसले. "हे बरंय. जन्मभर दुसरं केलंस काय?"

"मारते मी. खेळत नाही."

"तेच ते," मामा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. "सेक्रेटरी स्वतः म्हणाले, वहिनींचा मान आहे. मी शब्द देऊन बसलोय."

दुसऱ्या दिवशी ताईंनी हे जावेला सांगितलं. वाटलं होतं, ती तरी वेड्यात काढेल. तर ती स्टुलावरून उठूनच उभी राहिली. "जा ताई! मी पण येते. पहिल्या रांगेत बसते."

ताईंना नाही म्हणता आलं असतं. मामा दोन दिवस गाल फुगवून बसले असते आणि तिसऱ्या दिवशी विसरले असते. पण खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात कुठंतरी होतं, की जाऊन बघावं. इतकी फुलं आपल्या हातून गेली, पुढं त्यांचं काय होतं ते एकदा तरी बघावं.

रविवारी क्लबचा हॉल भरला होता. मामा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी अर्धी गल्ली. सेक्रेटरींनी माइकवरून ताईंची ओळख करून दिली. ती ऐकताना ताईंना वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. त्या कामावरचेच कॅनव्हासचे बूट घालून मागच्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे कॅशियर होती. तिशीची, काटक. ती पायांवर अशी हलत होती, जणू जमीन तापलेली असावी.

पाहुण्या म्हणून पहिली सर्व्हिस ताईंना मिळाली. त्यांनी फूल सोडलं, रॅकेट खालून वर नेली. फूल छताजवळ गेलं, वळलं आणि समोरच्या मागच्या रेघेच्या अलीकडे, जिथं पडायला हवं तिथं नेमकं पडलं.

"पास!" जाऊ पहिल्या रांगेतून ओरडली.

पंचांनी गुण कॅशियरला दिला. ताईंना काही कळेना. पंच खुर्चीवरून वाकून म्हणाले, "मॅडम, सर्व्हिस तिरकी करायची असते. समोरच्या दुसऱ्या अर्ध्यात."

ताईंनी जन्मात तिरकं फूल मारलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

मग कॅशियरनं सर्व्हिस केली, आणि फूल ताईंच्या दिशेनं आलं.

ताई ते बघतच राहिल्या. जाणारं फूल त्यांना पाठ होतं. पिसांचा गोल दिसतो, फिरत फिरत लहान होत जातो. येणाऱ्या फुलाचं तसं नव्हतं. आधी पुढचं बूच दिसलं, पिसं त्याच्यामागं कुठंतरी लपली होती, आणि ते मोठं होत चाललं होतं. सरळ होतं. डोलत नव्हतं. ते त्यांच्या उजव्या हाताशी, अगदी रॅकेटच्या टप्प्यात येऊन पडलं.

"पास," ताई म्हणाल्या.

शब्द तोंडून गेला तो गेलाच. पंचांच्या माइकनं तो अख्ख्या हॉलला ऐकवला. एक क्षण कुणाला काही समजलं नाही, मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल हसला. गल्ली तर पोट धरून हसली. ताईंनी मामांकडे पाहिलं. मामा हसत नव्हते.

पुढची फुलं कधी डोक्यावरून गेली, कधी जाळ्याला लागून टपकन खाली पडली. ताई धावल्या, पण त्या पोचेपर्यंत फूल जमिनीवर असायचं. एकदा पोचल्या, तर रॅकेट फुलाच्या खालून निघून गेली. त्यांचा हात एकच गोष्ट जाणत होता : स्थिर उभं राहायचं, आपलं फूल आपणच सोडायचं, आपणच मारायचं. दुसऱ्यानं पाठवलेल्या फुलाचं काय करायचं ते त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं.

मग कॅशियरचा एक फटका जाळ्यात गेला. सर्व्हिस पुन्हा ताईंकडे आली. फूल द्यायला म्हणून कॅशियर जाळ्याशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, हात आहे तसाच ठेवा. पाय तेवढे तिरके करा."

ताईंनी पाय वळवले आणि मारलं. फूल उंच गेलं, तिरकं गेलं. कॅशियर मागं सरकत गेली, वर बघितलं, आणि बाहेर जातंय असं समजून तिनं रॅकेट खाली घेतली. फूल रेघेच्या आत पडलं.

हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. लोक उभे राहिले. मघाशी हसलेली माणसंच ती, जिवाच्या करारावर टाळ्या वाजवत होती. ताईंना हसण्यानं काही झालं नव्हतं. या टाळ्यांनी मात्र त्यांना एकदम म्हातारं वाटलं.

सामना तिथून फार लांबला नाही.

नळावर पाणी पिताना कॅशियर शेजारी येऊन उभी राहिली. "ते फूल मी सोडायला नको होतं. चुकलंच माझं."

"आणि त्याच्या आधीचं? जाळ्यात मारलंत ते?"

कॅशियरनं तोंड पुसलं. "ते मुद्दाम."

"मग ते एक जाऊ दे," ताई म्हणाल्या. "दुसरं माझं."

"दुसरं तुमचंच," कॅशियर म्हणाली.

घरी परतताना मामा गप्प होते. मामा गप्प असणं ही गल्लीतल्या कुणी न पाहिलेली गोष्ट होती. चौक ओलांडल्यावर ते म्हणाले, "तू सांगितलं होतंस. मला वाटलं, आपली उगाच आढेवेढे घेतेस."

"असू दे हो."

"लोक हसले."

"लोक तुमच्या दुकानात रोज हसतात की."

"मी हसवतो तेव्हा हसतात." मामा थांबले. "आज तुला हसले. माझ्यामुळं."

ताईंनी खांदा दाबला. दुखत होता, पण रोजच्यासारखा नाही, वेगळ्याच जागी दुखत होता. "एक सांगू का? फूल समोरून येतं ना, तेव्हा पिसं दिसतच नाहीत. आधी बूच दिसतं."

"मग?"

"मग काही नाही. मी इतकी वर्षं पाठच बघितली त्याची."

ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती. पुढंही त्यांनी ती दुकानात कुणालाच सांगितली नाही.

हिवाळा संपता संपता कारखान्यात मशीन आलं. धाकट्या मालकांनी ताईंना आधी आत बोलावून घेतलं, बसायला सांगितलं. ते जरा अवघडलेले होते. "ताई, गैरसमज नको. मागणी वाढलीय, आणि तुमचा खांदाही आता... तुम्हाला पॅकिंगला घेतो. बसून काम. पगाराला धक्का नाही."

"मशीन मारणार का फुलं?"

"हवेच्या दाबानं. पण त्याला शिकवावं लागेल. तुमच्याशिवाय कोण शिकवणार?"

दोन दिवस ताईंनी मशीनला शिकवलं. मशीन म्हणजे एक तिरकी नळी होती, खाली दाबाचा काटा. बसवायला आलेला इंजिनियर शांत होता, ताईंशी अदबीनं बोलायचा. ताई एक फूल मारायच्या, मग तो नळीतून एक सोडायचा. मशीनचं पुढं पडलं की तो दाब कमी करायचा, मागं पडलं की वाढवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं जावेला डोळे मिटायला सांगितले आणि आळीपाळीनं फुलं सोडली.

"आता बघा. यातलं ताईंचं कुठलं?"

जावेनं डोळे उघडले. सगळी फुलं दोन पट्ट्यांच्या मधे, एकमेकांना चिकटून पडलेली होती. तिनं खूप वेळ पाहिलं. "नाही बाई ओळखता येत," ती म्हणाली, आणि मग तिलाच वाईट वाटलं. "पण हे मेलं बोलत नाही. दिवसभर मी कुणाशी बोलू?"

ताई पॅकिंगला गेल्या. नळकांड्यात फुलं एकावर एक बसवायची, झाकण लावायचं, शिक्का मारायचा. काम सोपं होतं. महिन्यातून एकदा इंजिनियर यायचा, तेव्हा मात्र त्यांना हॉलमध्ये बोलावणं असायचं. मशीनचा दाब आपोआप घसरतो किंवा चढतो, म्हणून ताईंच्या हाताशी ताडून बघायचं. ताई त्या दिवशी बूट घालून यायच्या. काही महिने मशीन थोडं इकडेतिकडे झालेलं असायचं, तो ते ताईंच्या फुलाला आणून लावायचा आणि निघून जायचा.

एका खेपेला ताईंनी मारलेलं फूल पहिल्या पट्टीच्या अलीकडे पडलं. मशीनचं मधोमध.

"चढलाय वाटतं दाब," इंजिनियर म्हणाला. "खाली घेतो."

"थांबा. अजून एक मारते."

तेही अलीकडेच पडलं. ताईंनी रॅकेट दुसऱ्या हातात घेतली, उजवा हात झटकला, पुन्हा धरली. श्वास घेतला. पाय नीट रोवले. आणखी जोरानं मारलं. ते तर त्याहूनही अलीकडे पडलं. पलीकडे जाऊ ओणवी झाली होती. ती तशीच राहिली, वर बघेना.

इंजिनियरचा हात दाबाच्या चक्रीवर होता. त्यानं ती फिरवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. कमी दाबावर भलती वेगवान फुलंच 'पास' ठरली असती, तशीच नळकांड्यांत भरली गेली असती, आणि कुठंतरी, कुणाच्यातरी हातून भलतीच लांब पडली असती. खेळणाऱ्यानं आपल्या हाताला दोष दिला असता.

"मशीनला हात लावू नका," ताई म्हणाल्या. "ते बरोबर आहे. माझं आखूड पडतंय."

"एखाद्या दिवशी होतं असं, ताई. पुढच्या वेळी बघू."

"एखाद्या दिवशी नाही. गेल्या वेळेपासून मला कळतंय." त्यांनी रॅकेट भिंतीला टेकवून ठेवली. "पुढच्या महिन्यापासून मला बोलावू नका. मशीनच्याच काट्यावर भरवसा ठेवा."

त्या पॅकिंगच्या खोलीत परत गेल्या. संध्याकाळी निघताना धाकटे मालक स्वतः दारापर्यंत आले आणि ती रॅकेट त्यांच्या हातात दिली.

मामांना ताईंनी रात्री काहीच सांगितलं नाही. पण जाऊ कशाला गप्प बसतेय! सकाळी मामांच्या कानावर गेलंच. त्या दिवशी दुकानात त्यांनी कुणाला एकही प्रश्न विचारला नाही. गिऱ्हाइकांना वाटलं, दात दुखत असेल.

रविवारी दुपारी मामा शेजारणीच्या मुलीची रॅकेट मागून घेऊन आले. गुलाबी रंगाची, एक तार तुटलेली.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"दुकानामागं. बोळात कुणी नसतं यावेळी."

"अहो, तुम्हाला येतं का?"

"मला कुठं येतंय! तुलाही येत नाही. बरोबरी आहे."

बोळ अरुंद होता. एका बाजूला सलूनची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला सायकलच्या दुकानाची पत्र्याची पडवी. ताईंनी फूल सोडलं, हळूच मारलं. मामांनी रॅकेट तलवारीसारखी फिरवली आणि फूल त्यांच्या छातीवर आपटलं. दुसरं कानाशेजारून गेलं. तिसऱ्याला ते रॅकेट टाकून दोन्ही हातांनी झेलायला धावले.

"अहो, झेलायचं नाही!"

"माहितीय मला!"

मग कसंतरी, रॅकेटच्या कडेला लागून, एक फूल परत आलं. वाकडं आलं, भिंतीच्या बाजूला. ताई चार पावलं धावल्या. खांद्यातून कळ गेली, म्हणून हात वर न नेता त्यांनी कोपरातूनच फूल ढकललं. ते गेलं. मामांच्या समोरच गेलं. मामांनी डोळे मिटून, होता नव्हता तेवढा जोर लावून ते मारलं, आणि फूल वर, खूप वर गेलं आणि पत्र्याच्या पडवीवर जाऊन अडकलं.

दोघं मान वर करून बघत राहिले.

मामा दुकानातून स्टूल आणि लांब झाडू घेऊन आले. स्टुलावर चढले, टाचा उंच केल्या. "कुठंय गं? मला दिसत नाही."

"पुढं आहे. त्या खिळ्यापाशी."

"इथं?"

"नाही, अजून पुढं."

"अगं, दाखव ना नीट!"

ताईंचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. त्यांनी रॅकेट काखेत धरली आणि डाव्या हातानं दाखवलं.